पुरात अडकलेली माणसे रंगमंचावर कशी उभी करावीत

पावसाळ्यात नाशिकमध्ये संततधार लागली आणि गोदावरी चढू लागली की शहरात एकच प्रश्न विचारला जातो : मारुतीच्या कुठपर्यंत आले? रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत अशा मापाने नाशिककर पूर मोजतात. प्रशासन गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते जाहीर करते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी. म्हणजे १० हजार क्युसेकचा विसर्ग असेल तर दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत, असे समजावे. हा आकडा अचूक असतो आणि उपयोगाचाही असतो, पण तो ऐकून पोटात गोळा येत नाही. ‘छातीपर्यंत आले’ हे ऐकून येतो, कारण ते माप माणसाच्या अंगाचे आहे.

संकटात एका छपराखाली अडकलेल्या अनोळखी माणसांवरचे नाटक समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या मारुतीपासून करावी असे माझे मत आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत आमच्याकडे हौशी मंडळी संहिता घेऊन येतात, आणि त्यांत दरवर्षी एखादी तरी अशी असतेच : पूर, दंगल, भूकंप किंवा साथ, एक खोली, आणि एकमेकांना न ओळखणारी सहा-सात माणसे. कल्पना दिसायला सोपी आहे. एकच नेपथ्य लागते, पात्रे मोजकी असतात, खर्च कमी येतो. प्रत्यक्षात हा प्रकार अतिशय अवघड आहे, आणि तो का अवघड आहे हे या लेखात सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी या नाटकाची मूळ रचना पाहू. एरवीच्या नाटकात दोन पात्रांचे भांडण विकोपाला गेले की एक जण तावातावाने विंगेत निघून जातो. नाटककारासाठी ही फार मोठी सोय असते, कारण प्रसंग कुठे संपवायचा हे त्या निघून जाण्याने आपोआप ठरते. आसऱ्याच्या नाटकात ही सोय काढून घेतलेली असते. दार समोर दिसते, पण बाहेर पाणी आहे. जो वाट्टेल ते बोलून बसला, त्याला त्याच माणसाच्या शेजारी रात्र काढायची आहे. अपमान झाला तरी तिथेच बसायचे, रडू आले तरी तिथेच, आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाकडे पाणी मागायचे. या नाटकाची सगळी ताकद या न जाता येण्यात आहे.

जागा आणि वेळ बांधून घेण्याची ही पद्धत जुनी आहे. नाटकातली कृती एकसंध असावी, असे ॲरिस्टॉटलने आग्रहाने सांगितले. वेळेबद्दल त्याने शोकात्मिका शक्यतो एका दिवसाच्या आत बसवण्याचा प्रयत्न करते एवढेच नोंदवले, आणि स्थळाबद्दल तर नियम घातलाच नाही. स्थळ, काळ आणि कृती या तिन्ही ऐक्यांचा कडक नियम सोळाव्या शतकातल्या इटालियन समीक्षकांनी, विशेषतः १५७० मध्ये कास्तेल्वेत्रोने, बांधला. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने उलट वाट घेतली. त्यातल्या कक्ष्याविभागाच्या संकेतानुसार रंगमंचाचे कल्पित भाग पाडले जातात, आणि नटाने एक फेरी मारली की तो वनातून राजवाड्यात पोहोचला हे प्रेक्षक मान्य करतात. हे मुद्दाम सांगतो, कारण आसऱ्याच्या नाटकाला दोन्ही परंपरा उपयोगी पडतात. खोली एकच हवी हे खरे, पण त्या एका खोलीच्या आत कोणाचा कोपरा कुठला, कोणत्या रेषेच्या पलीकडे कोण जात नाही, हे कक्ष्याविभागानेच उभे राहते. अनोळखी माणसे कुठेही एकत्र आली की पहिल्या दहा मिनिटांत न बोलता जागा वाटून घेतात. दिग्दर्शकाने पहिली दहा मिनिटे त्यासाठीच वापरावीत.

उदाहरणासाठी एक नाटक कल्पू. गोदाघाटाजवळच्या जुन्या वाड्याची माडी. वाड्यात एकटी राहणारी आजी. खालच्या चौकात पाणी शिरल्यावर जिन्याने वर आलेले लोक असे : रामकुंडावर फुले विकणारी बाई, मालेगावहून माल घेऊन आलेला टेम्पोचालक, भांडी बाजारातल्या दुकानात काम करणारा पोरगा, आणि वडिलांच्या अस्थी विसर्जनासाठी अकोल्याहून आलेला तरुण व त्याचे काका. रामकुंडावर अस्थी विसर्जनासाठी दुरून माणसे येतात. हे दोघे पोहोचले तेव्हा घाट पाण्याखाली गेला होता. त्यामुळे तरुणाच्या हातात अजूनही पांढऱ्या फडक्यात बांधलेले छोटे गाडगे आहे.

इथे नवा लेखक हमखास एक चूक करतो. तो लिहितो की तरुणाच्या वडिलांना ज्या टेम्पोने उडवले, त्याचाच चालक समोर बसला आहे. ही माणसे एका माडीवर आली हा योगायोग प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो, कारण त्याशिवाय नाटक सुरूच होत नाही. दुसरा योगायोग मात्र तो स्वीकारत नाही. शिवाय त्या क्षणी पूर निरर्थक ठरतो. त्या दोघांची गाठ एखाद्या धाब्यावर पडली असती तरी तेच नाटक झाले असते. अनोळखी माणसे नाटकभर अनोळखीच राहावीत, आणि ती अनोळखी असल्यामुळेच काय घडते ते दिसावे, हे या प्रकाराचे पथ्य आहे.

दुसरी चूक अधिक खोल आहे, आणि ती केवळ नाटकवाल्यांची नाही. संकट आले की माणूस जनावर होतो, सभ्यतेचे कातडे गळून पडते, जो तो स्वतःपुरते पाहतो, असा आपला पक्का समज आहे. आपत्तीच्या समाजशास्त्राने हा समज बऱ्याच अंशी खोडून काढला आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधनाचे एक केंद्र सुरू झाले, जे पुढे डेलावेअर विद्यापीठात गेले. तिथे एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पूर, भूकंप, वादळे यांत सापडलेल्या माणसांचा अभ्यास केला. सैरावैरा पळापळ आणि लुटालूट अपवादाने आढळते, आणि बहुतेक माणसे सर्वांत आधी शेजारच्या माणसाला मदत करू लागतात, असे त्यांना पुन्हा पुन्हा दिसले. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून जॉन ड्रुरी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे एक कारण मांडले. ‘आपल्या सगळ्यांवर एकच वेळ आली आहे’ ही जाणीव झाली की एकमेकांचे नावही माहीत नसलेल्या प्रवाशांमध्ये ‘आपण’ नावाची गोष्ट तयार होते. ज्यांनी नाशिकचा पूर पाहिला आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवताना हातात हात देऊन रांग करणाऱ्यांपैकी निम्मे लोक एकमेकांना ओळखत नसतात.

मग नाटक कुठून येणार? सगळे एकमेकांना मदतच करणार असतील तर संघर्ष कसला? माझ्या मते या नाट्यप्रकाराचा गाभा या प्रश्नात आहे. संघर्ष दुष्टपणातून काढला की नाटक उथळ होते, कारण प्रेक्षकाला एक खलनायक मिळतो आणि तो निश्चिंत होतो. संघर्ष वाटपातून काढावा. चांगली माणसे आहेत, प्रत्येकाला मदत करायची आहे, आणि वस्तू एकच आहे.

आमच्या माडीवर ती वस्तू म्हणजे एक मोबाइल. बाकीचे भिजून बंद पडले आहेत, दुकानातल्या पोराचा चालू आहे आणि त्यात नऊ टक्के चार्ज उरला आहे. ठरते असे की प्रत्येकाने एकच फोन करायचा, एका मिनिटाचा. आता पाहा काय होते. टेम्पोचालकाला बायकोचा नंबर पाठ नाही. तो त्याच्या भिजलेल्या फोनमध्ये आहे. काकांना कोणाचाच नंबर पाठ नाही. फुलवालीला एक नंबर पाठ आहे, पण तो तिला गजरे उधार देणाऱ्या व्यापाऱ्याचा. आजीला मात्र कोरोनाच्या साथीत गेलेल्या धाकट्या बहिणीचा नंबर घडाघडा येतो. कोणाचेही पूर्वायुष्य सांगणारे एक वाक्य उच्चारले गेलेले नाही, तरी चार माणसांची चार आयुष्ये प्रेक्षकासमोर आली. पाळीपाळीने प्रत्येकाने पुढे येऊन, हलका स्पॉट घेऊन, आपली कर्मकहाणी सांगायची ही रीत स्पर्धेतल्या नाटकांत इतकी रुळली आहे की परीक्षकही त्या वेळी वहीत मान घालतात. अनोळखी माणसांपुढे कोणी आपले मन उघडत नाही. गरज पडली की मात्र उघडावे लागते, आणि गरज कोणती ठेवायची हे लेखकाच्या हातात असते.

मराठी माणसे एकत्र आली की गरजेच्याही आधी एक प्रश्न येतो. ‘कुठले तुम्ही?’ त्यानंतर ‘आडनाव काय?’ हा दुसरा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो आणि उत्तर ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर जे हलते, ते दाखवल्याशिवाय इथल्या मातीतले आसऱ्याचे नाटक पुरे होत नाही. आणि नाशिकमध्ये तर ‘आत कोणाला घ्यायचे’ या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. गोदाघाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे, आणि त्याचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो कार्यकर्ते त्यात होते, आणि तो वर्षानुवर्षे चालला. या गावात रंगमंचावर बंद दार उभे केले की ते नुसते नेपथ्य राहत नाही. त्यामुळे आमच्या कल्पित नाटकात मध्यंतराच्या थोडे आधी, जिन्याच्या तोंडाशी असलेले दार खालून ठोठावले जाते. कोण आहे ते दिसत नाही. दार उघडून भागणार नाही, त्या माणसाला हात द्यायला कोणीतरी चार पायऱ्या खाली, धारेत उतरायला हवे. पोहता येते ते फक्त टेम्पोचालकाला, आणि त्याचा फोन अजून व्हायचा आहे, कारण बायकोचा नंबर आठवण्याची तो तासभर धडपड करतो आहे. आता कोणी दुष्ट नाही, आणि तरी कोणालाच मान वर करून त्याच्याकडे पाहता येत नाही.

संकट प्रेक्षकाला आधीपासून माहीत असावे की अचानक यावे, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. आधीपासून माहीत असावे. गोदावरीच्या पुराला स्वतःचे घड्याळ आहे : धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आधी येते आणि ते पाणी शहरात पोहोचायला वेळ लागतो. दरम्यान शहरातल्या पावसाचे, नाल्यांचे पाणी पात्रात भर घालतच असते. पहिल्या अंकात फोनवरून एवढेच कळावे की विसर्ग आणखी वाढवला आहे. त्यानंतर पात्रे चहाबद्दल बोलत असली तरी प्रेक्षक मनात पाणी मोजत राहतो.

आता हे पाणी रंगमंचावर कसे दाखवायचे? खरे पाणी आणण्याचा मोह टाळावा. मागच्या रांगेला ते दिसत नाही आणि नटांना त्याची भीती वाटत नाही, ते फक्त घसरतात. त्यासाठी लेव्हल्स वापराव्यात. समजा, जिन्याजवळचा भाग सर्वांत खाली, मधली माडी एक पायरी वर आणि मागचा माळा त्याहून दोन पायऱ्या वर अशी रचना आहे. पहिल्या प्रसंगात नटांनी पुढचा, खालचा भाग पुरेपूर वापरावा : तिथे चपला काढाव्यात, ओले कपडे पिळावेत, टेम्पोचालकाने तिथेच ऐसपैस पाय पसरावेत. नंतर कधीतरी एकाने चपला उचलून वर ठेवाव्यात. त्यावर कोणी काही बोलू नये. मग त्या भागात पाऊल टाकणे बंद. मध्यंतरानंतर मधला भागही सुटावा, आणि शेवटी सात माणसे माळ्यावर दाटीने बसलेली असावीत. वापरायची जागा आकसत गेली की पाणी चढले हे प्रेक्षकाला शरीराने कळते. दुतोंड्या मारुतीकडून शिकायचे ते हेच, की पाणी पाण्यावर मोजू नये, अंगावर मोजावे.

ध्वनीच्या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. एका प्रयोगात पडदा उघडल्यापासून शेवटपर्यंत पावसाचा ट्रॅक चालू ठेवला होता, मोठ्या हौसेने. दहा मिनिटांत प्रेक्षकांच्या कानाला तो सवयीचा झाला, म्हणजे पाऊस ऐकू येईनासा झाला. संवाद मात्र त्याखाली दबले आणि नटांनी आवाज चढवले, त्यामुळे सगळे नाटक भांडणासारखे वाटू लागले. कान बदलाकडे लक्ष देतो, सातत्याकडे देत नाही. त्यामुळे पाऊस आणावा, हळूहळू काढून घ्यावा, आणि महत्त्वाच्या शांततेत अचानक त्याचा जोर वाढवावा. सर्वांत भयंकर क्षण तो, जेव्हा पाऊस थांबतो आणि तरी पाणी चढत राहते. त्या वेळी फक्त खालून, चौकातून, भांडी एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज यावा. प्रकाशाचेही तेच आहे. वीज गेल्यावर रंगमंच निळ्या उजेडात न्हाऊन काढण्याची पद्धत सोडून द्यावी; एक कंदील आणि त्याच्याभोवती जमलेले चेहरे पुरतात, आणि ज्याच्या हातात कंदील त्याच्या हातात त्या क्षणाचे नाटक, हे नटांनाही पटकन कळते.

भीतीबद्दल थोडे. भरताने भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारी भावना, भय सांगितला, पण स्थायीभावाच्या जोडीला तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येत-जात राहणारे, भाव दिले. शंका, लज्जा, चपलता, निद्रा, अगदी हर्षसुद्धा त्यांत आहे. दोन तास निव्वळ भय कोणत्याही प्रेक्षकाला पेलत नाही. तो सुन्न होतो आणि मग घड्याळ पाहतो. पुरात अडकलेली माणसे झोपतातही, हसतातही, भूक लागली म्हणून चिडतातही. आजीने डब्यातले शेंगदाणे आणि गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला आणि ओलाचिंब टेम्पोचालक लहान मुलासारखा गुळाचा खडा चोखत बसला, तर त्या एका मिनिटात भीती कमी होत नाही, ती खरी होते.

आसरा किती काळाचा, यावरही नाटकाची जात ठरते. एका रात्रीच्या आसऱ्यात वर सांगितलेले ‘आपण’ टिकते. दिवस लांबले की ते झिजू लागते, आणि रांग, संडास, घोरणे, कोणाच्या वाट्याला काय आले यांवरून कुरबुरी सुरू होतात. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेल्या कामगारांना नाशिकमध्ये थांबवून निवारा केंद्रांत ठेवले होते. पुढे १ मे २०२० रोजी नाशिक रोडहून त्यांच्यासाठी भोपाळला विशेष गाडी सुटली. तिथे संकट दिसत नव्हते, पाणी चढत नव्हते, फक्त दिवस जात होते. त्यावर नाटक लिहायचे तर आसरा देणारे आणि घेणारे यांच्यातले अंतर हाच विषय होईल, आणि त्याला वेगळे तंत्र लागेल.

आता त्या गाडग्याकडे वळतो, कारण अशा नाटकात एखादी वस्तू सगळ्या पात्रांना बांधून ठेवते. आपल्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. बाहेर झाडाला किंवा कुठेतरी टांगून ठेवतात. त्यामुळे तो तरुण पहिल्या प्रसंगात जिन्याच्या वरच्या पायरीवरच थबकतो. स्वतः आत येऊ शकतो, वडिलांना आणू शकत नाही, आणि खाली पाणी आहे. काका म्हणतात, ‘दुसऱ्याच्या घरात कसं न्यायचं?’ सगळे आजीकडे पाहतात. ती क्षणभर गप्प राहते आणि म्हणते, ‘सज्जातल्या खुंटीला लाव. सज्जा घरात धरत नाहीत.’ असा काही नियम नाही, हे तिलाही माहीत आहे आणि काकांनाही. तिने नियम मोडलेला नाही, फक्त उंबरा थोडा अलीकडे सरकवला आहे. आसरा देणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे या एका वाक्यात जितके दिसते तितके मोठ्या भाषणात दिसत नाही.

अशा नाटकाचा शेवट अनेकदा फसतो, कारण पाणी ओसरल्यावर पात्रे गळ्यात पडतात आणि पुन्हा भेटण्याच्या आणाभाका घेतात. प्रत्यक्षात उजाडल्यावर माणसे घाईत असतात. कोणाला दुकानातला चिखल काढायचा आहे, कोणाला टेम्पो कुठे वाहून गेला ते पाहायचे आहे. रात्री ज्याच्या खांद्यावर डोके टेकले होते, त्याच्याकडे सकाळी पाहायला थोडा संकोच वाटतो. म्हणून शेवटच्या प्रसंगात फक्त निघण्याचा क्रम लिहावा. पोरगा आधी जातो, त्याचा मोबाइल कधीच बंद पडला आहे. फुलवाली जाताना आजीचा जिना झाडायला घेते आणि आजी तिच्या हातून झाडू काढून घेते. चालक खालून वर आणलेल्या माणसाला आधार देत उतरवतो. सर्वांत शेवटी तो तरुण सज्जात जातो, तर खुंटी रिकामी आहे. दार ठोठावले गेले त्या गडबडीत, अंधारात, पावसाची झड सज्जात येऊ लागली तेव्हा आजीने गाडगे उचलून आत घेतले होते, हे प्रेक्षकालाही आता कळते. ते माळ्यावर, तिच्या धान्याच्या डब्याशेजारी ठेवलेले आहे. इथे दोघांनाही संवाद देऊ नये. तिने ते दोन्ही हातांनी उचलावे, ओले फडके पदराने टिपावे, गाठ घट्ट करावी आणि त्याच्या हातात द्यावे. मग त्याने जिना उतरायला लागावे, पाणी गुडघ्यापर्यंत असल्यासारखा, एक एक पायरी चाचपत.